काटा मधोमध, म्हणून इंजिन ठीक?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला, की हा सल्ला हमखास मिळतो: "डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध आहे ना, मग बिनधास्त चालवा." चूक.

बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ८० अंशांवर असो की १०० वर, तो हलत नाही. कूलंट गळालं तर फसगत आणखी मोठी. सेन्सर उघडा पडतो, नुसती हवा-वाफ मोजतो आणि इंजिन तापत असताना काटा चक्क खाली येऊ शकतो.

कूलंट पुरेसं असेल, तर खरा आकडा ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडायचं उपकरण) दिसतो. सिग्नलला उभ्या गाडीत १०५ अंश ओलांडूनही रेडिएटरचा पंखा फिरत नसेल, तर आधी फ्यूज, मग रिले (पंखा चालू करणारा विजेचा स्विच), शेवटी मोटर तपासा. कूलंटची पातळी मात्र थंड इंजिनावरच बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर हात भाजलाच समजा.