हिरड्यांची सूज आणि डोळ्यांचा पडदा

१९१० साली लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात एक भाषण दिलं. तोंडात साचणारा पू अंगभर आजार पसरवतो, असा त्यांचा दावा होता. पुढची काही दशकं सांधेदुखीपासून डोळ्यांच्या सुजेपर्यंत अनेक तक्रारींवर इलाज म्हणून लोकांचे दात सरसकट उपटले गेले. रुग्ण काही बरे होईनात, तेव्हा ही पद्धत मागे पडली. म्हणून हिरड्या आणि डोळे यांच्या नात्याचा प्रश्न आज पुन्हा निघाला असताना तो जपूनच हाताळायला हवा. पण टाकून देण्यासारखा तो मुळीच नाही.

डोळ्यांचं म्हातारपणचं दुखणं म्हटलं की मोतीबिंदू नाहीतर काचबिंदू आठवतो. इथे बोलायचंय ते मॅक्युलाच्या ऱ्हासाबद्दल. मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा मधला भाग. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं त्याच्या जिवावर चालतं. वयानुसार त्याच्याखाली ड्रुसेन नावाचे पिवळसर साठे जमतात आणि काहींची मधली नजर हळूहळू जाते.

या साठ्यांमध्ये कॉम्प्लिमेंट प्रथिनं सापडतात. कॉम्प्लिमेंट ही रक्तातली फार जुनी संरक्षण यंत्रणा आहे. जंतू दिसला की ती पेटते आणि काम झालं की शांत व्हायला हवी. २००५ साली एकाच वेळी तीन संशोधक गटांनी दाखवलं, की तिला आवरणाऱ्या ‘फॅक्टर एच’च्या जनुकात एक ठरावीक बदल असेल तर मॅक्युला खराब होण्याचा धोका बराच वाढतो.

आता हिरड्या. पायोरियात दाताभोवती खोल खाचा पडतात आणि तिथे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा जंतू ठाण मांडतो. याच कॉम्प्लिमेंटमधलं सी-५ हे प्रथिन तो आपल्या विकरांनी तोडतो, संरक्षक पेशींची दिशाभूल करतो आणि सूज धुमसत ठेवतो. सुजलेल्या ऊतीतून झिरपणारी प्रथिनंच त्याचं अन्न! प्रयोगशाळेत हा जंतू डोळ्याच्या पडद्यामागच्या पेशींमध्ये शिरतानाही दिसला आहे. माझ्या मते खरं कुतूहल इथेच आहे: दोन्ही जागी बिघडते ती एकच यंत्रणा. सी-३ हे प्रथिन रोखणारं एक औषध २०२३ साली अमेरिकेत मॅक्युलाच्या कोरड्या (म्हणजे नव्या रक्तवाहिन्या न फुटता होणाऱ्या) ऱ्हासाच्या शेवटच्या टप्प्यासाठी मंजूर झालं. सी-३लाच रोखणारं दुसरं एक औषध चाचणीत हिरड्यांमध्ये टोचलं, तेव्हा तिथली सूज उतरली.

माणसांमधला पुरावा मात्र कच्चा आहे. अमेरिकेतल्या सुमारे ८,२०० लोकांच्या माहितीवर आधारलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठी किंवा त्याखालच्या वयात दोन्ही आजारांचा संबंध आढळला. साठीपुढे तो ठामपणे दिसला नाही. शिवाय धूम्रपान हिरड्याही खातं आणि मॅक्युलाही. हिशेबात ते धरलं, तरी त्याची सावली पूर्ण पुसता येत नाही. आधी काय झालं, हिरड्या बिघडल्या की डोळे, हेही अशा पाहणीतून कळत नाही.

तेव्हा डोळे वाचतील या आशेने दात काढून घेऊ नका. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडून किटण काढून घ्या, ते दात टिकावेत म्हणून. मिश्री लावून ते रक्त थांबत नाही. तंबाखूने हिरड्या आणखी खंगतात. आणि दाराची चौकट किंवा वहीतल्या रेघा एका डोळ्याने वाकड्या दिसू लागल्या, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा. मॅक्युलाखाली नव्या रक्तवाहिन्या फुटल्या असतील तर त्यावर इंजेक्शनं आहेत, आणि ती जितकी लवकर मिळतील तितकी नजर वाचते.