रोप आडवं पडलंय, पण कशानं?

पाऊस लागला की साताऱ्यापासून मिरजेपर्यंत घरोघरी खिडकीत टोमॅटो, मिरची, वांग्याचे ट्रे मांडले जातात आणि थोड्याच दिवसांत ठरलेला प्रश्न येतो: "रोपं पडली, औषध कुठलं मारू?" सोबत फोटो, तोही वरून, नुसत्या पानांचा. त्यावरून कोणालाच काही सांगता येणार नाही. रोप आडवं होतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक म्हणजे मर, ती बुरशीची. दुसरं म्हणजे उजेड न पुरल्यानं लांबलेलं रोप. त्याला रोग नसतोच. दोन्हींवर एकच औषध विचारलं जातं, याची मला खरोखर चीड येते.

लांबलेलं रोप सगळ्यांच्या ओळखीचं असतं. बारीक, फिकट, उंच खोड, वर दोनच पानं, आणि अख्खा ट्रे खिडकीकडे झुकलेला. ट्रे फिरवून ठेवला की एक-दोन दिवसांत रोपं पुन्हा उजेडाकडे वळतात. मर लागलेलं रोप वळत नाही.

खरी चूक होते ती पुढं. दोन्हीकडे पानं सुरुवातीला हिरवीच असतात, त्यामुळे पानं बघू नका. खाली वाका, मोबाईलची बॅटरी लावा आणि खोड मातीतून बाहेर येतं तिथला जेमतेम एक सेंटीमीटर भाग बघा. लांबलेल्या रोपाचं खोड तिथं बारीक असलं तरी अखंड, कोरडं आणि एकसारखं असतं. मर असेल तर नेमकी तीच जागा आधी पाणचट दिसते, मग तपकिरी पडते आणि आवळून दोऱ्यासारखी होते. वरचं खोड धडधाकट दिसतं, पण बुडाशी आधारच उरत नाही. हलकं ओढलं तर रोप तिथंच तुटतं. लांबलेलं रोप मुळासकट येतं. शिवाय मर एका कोपऱ्यात सुरू होऊन ठिगळासारखी पसरते. संध्याकाळी उभी असलेली रोपं सकाळी वाटेल त्या दिशेला पडलेली दिसतात.

हे न बघता लोक पाणी घालतात, कारण पडलेलं रोप तहानलेलं वाटतं. मर आणणाऱ्या पिथियमसारख्या बुरशीला ओलच हवी असते, म्हणजे आपणच तिला खाऊ घालतो. (खरंच पाणी कमी पडलं असेल तर पानं मलूल होतात, पण बूड घट्ट राहतं आणि पाणी दिल्यावर रोप उभं राहतं.)

मर दिसली की पाणी थांबवा. पडलेली रोपं आजूबाजूच्या कोकोपीटसकट (ट्रेमधला नारळाच्या काथ्याचा भुसा) काढून टाका, ट्रे वाऱ्यावर ठेवा, आणि उरलेल्यांच्या बुडाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक लिटरभर पाण्याला अडीच ते तीन ग्रॅम या प्रमाणात घाला. पडलेलं रोप वाचत नाही, त्यावर हळद भुरभुरून वेळ घालवू नका. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी, चांगलाच, पण तो पेरणीच्या वेळी वापरायचा. तांब्याच्या औषधासोबत दिला तर वाया जातो, कारण तोही बुरशीच आहे. ते कोकोपीट पुढच्या पेरणीला घेऊ नका. नवं कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकलं तर तेही जास्तच ओलं आहे.

लांबलेल्या रोपाला औषध नको आणि युरिया तर मुळीच नको. त्यानं ते आणखी लेचंपेचं होतं. त्याला उजेड द्या. गच्चीवर शेडनेटखाली ठेवा, नाहीतर आधी सकाळचं कोवळं ऊन दाखवा. घरात रोपं लांबण्याचं एक मोठं कारण झाकण हे आहे. रोपवाटिकेत पेरलेले ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लास्टिकनं झाकतात, पण अंकुर डोकावले की लगेच मोकळे करतात. घरात "सगळं उगवू दे" म्हणून झाकण आणखी दोन दिवस राहतं आणि टोमॅटो अंधारातच ताणला जातो. मिरचीला उगवायला जास्त दिवस लागतात, म्हणून दोन्ही एका ट्रेमध्ये पेरूच नयेत.

पाटण, मेढ्याकडे जुलैत आभाळ उघडतच नाही. तिथं एकाच ट्रेमध्ये दोन्ही असू शकतं, कारण लांबलेलं कोवळं खोड मरीला लवकर बळी पडतं. अशा वेळी आधी मर आवरा, उजेडाचं नंतर बघा. वाचलेला टोमॅटो लावताना खालच्या पानांपर्यंत खोल लावा, पुरलेल्या खोडाला मुळ्या फुटतात. मिरची, वांगं मात्र ट्रेमध्ये होतं तेवढ्याच खोलीवर लावा.