सहीखालचा कंस

माझ्या थोरल्या बहिणीच्या स्वाक्षऱ्यांच्या वहीला गुलाबी, पोपटी, फिकट पिवळी पानं आहेत. एका गुलाबी पानावर निळ्या बॉलपेनने केलेली एका नटाची सही आहे. तिच्याखाली कंसात, त्याच्याच अक्षरात, मालिकेतल्या पात्राचं नाव. ते तिने हट्टाने लिहून घेतलं होतं. टीव्हीवरच्या कलावंतांच्या सह्या घेण्याचं वेड समजून घ्यायचं तर या कंसापासून सुरुवात करायला हवी.

सह्या जमवण्याचा छंद आपल्याकडे टीव्हीच्या कितीतरी आधीचा. गांधीजी सहीचे 5 रुपये घेत आणि ते हरिजन निधीत जात. व्याख्यान संपलं की व्यासपीठाभोवती वह्या घेऊन पोरं गोळा होत, सहीसोबत ‘संदेश’ही मागत. पण हे सगळे लोक स्वतःच्या नावाने ओळखले जात. कंसाची गरज नव्हती.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्रामुळे पुण्यात दिसू लागलं. वाहिनी एकच. चाळीत ज्याच्याकडे संच, त्याच्या घरी सगळा मजला जमायचा. बातम्या देणारी माणसंसुद्धा घरातली वाटायची. स्मिता पाटील यांचा चेहरा अनेकांनी पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. मग चि. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना लोक रस्त्यात त्याच नावांनी हाका मारू लागले.

मराठी प्रेक्षकाचं भाग्य असं की ही मंडळी मुळात नाटकवाली होती. सिनेमाचा नट फाटकाआड राहायचा. टीव्हीवरचा नट मात्र रविवारी दुपारी शिवाजी मंदिरला किंवा गडकरी रंगायतनला तिकीट काढून पाहता यायचा. प्रयोग संपला की रंगपटाच्या दाराशी रांग. आत आरशाभोवतीचे दिवे, कोल्ड क्रीमचा वास, अर्धा रंग पुसलेला चेहरा आणि नॅपकिनला हात पुसून वही घेणारा माणूस. बहिणीची सही अशीच मिळाली. त्याने तिला इयत्ता विचारली, हे ती आजही सांगते.

राष्ट्रीय प्रक्षेपण आल्यावर ही जवळीक बदलली. ‘हम लोग’ 7 जुलै 1984 ला सुरू झाली. कलाकार दूर, म्हणून लोकांनी पत्रं लिहिली. मालिकेच्या काळात त्यांची संख्या चार लाखांवर गेली. नंतर 25 जानेवारी 1987 पासून ‘रामायण’. त्याचं चित्रीकरण आपल्या हद्दीला लागून असलेल्या गुजरातमधल्या उंबरगावात चाले, आणि तिथे माणसं वही घेऊन नव्हे, हात जोडून येत. ज्याच्या पाया पडायचं त्याच्याकडे सही कशी मागणार? आपल्याला सिगारेट ओढताना पाहून एक चाहता संतापला होता, असं रामाची भूमिका करणाऱ्या अरुण गोविल यांनीच मुलाखतींत सांगितलं आहे. कंसातलं नाव इतकं मोठं झालं की वरचं नाव पुसलं गेलं. 1991 मध्ये दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी, म्हणजे पडद्यावरची सीता आणि रावण, दोघेही लोकसभेत निवडून आले, यात त्या कंसाचा वाटा मोठा होता.

खासगी वाहिन्यांनी पुन्हा घरगुती माणसं आणली. अल्फा मराठीवरच्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा हे प्रभावळकरच. आईने चिमणराव म्हणून ओळखलेला माणूस मुलीला आबा म्हणून भेटला. पुढे मोबाइलमध्ये कॅमेरा आला आणि वहीची जागा फोटोने घेतली.

बहिणीची वही मी जपून ठेवायला सांगतो, त्याला एक कारण आहे. त्या काळी टेप महाग होत्या. दूरदर्शनमध्ये एकाच टेपवर पुन्हा पुन्हा मुद्रण व्हायचं आणि आधीचं पुसलं जायचं. कितीतरी कार्यक्रम असेच गेले. त्यांच्यातलं हाताने लिहिलेलं काही उरलं असेल, तर ते अशाच गुलाबी, पोपटी पानांवर.