मांसाहारी घर आणि मुलीच्या ताटातील प्राणिज प्रथिने

शाळेच्या आरोग्य तपासणीत ‘घरी मटण-मासे खाता का?’ या प्रश्नाला मुलीने होकार दिला, की तिला प्राणिज प्रथिने मिळतच असणार असे धरून चालतात. पण घरात काय चालते ही एक गोष्ट आणि त्या मुलीच्या पोटात आठवडाभरात काय जाते ही दुसरी.

परळच्या चाळीतले एखादे घर घ्या. रविवारी आणलेले अर्धा किलो मटण सहा जणांत वाटायचे असते. वडील आणि भाऊ जेवून उठल्यावर नववीतल्या मुलीच्या वाट्याला दोन तुकडे येतात, त्यातला एक बहुतेक हाडच, आणि मग भातावर भरपूर रस्सा. रश्श्याने भात पोटभर जातो, प्रथिने मात्र मुख्यतः मटणाच्या तुकड्यांतच असतात. बुधवारी दोन तळलेले बोंबील मिळाले (ओल्या बोंबलात पाणीच फार), तरी आठवड्याची बेरीज २५-३० ग्रॅमपुढे जाणे कठीण, आणि श्रावण पाळणाऱ्या घरात महिनाभर तेवढेही नाही.

विलेपार्ल्याच्या शाकाहारी घरातली तिच्याच वयाची मुलगी रोज दोन पेले दूध आणि वाटीभर दही घेत असेल, तर तिला दिवसाला सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे आठवड्याला शंभराहून अधिक ग्रॅम प्राणिज प्रथिने मिळतात. दूधही प्राणिजच, हे या हिशेबात हमखास विसरले जाते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला एकूण ४३ ग्रॅम प्रथिने हवीत. त्यातला मोठा भाग घट्ट वरण, उसळ आणि चपातीतून येऊ शकतो. एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात, आणि परळच्या घराला ते मटणापेक्षा कितीतरी परवडते.

मात्र पार्ल्याच्या मुलीची उंची आणि वजन वयाप्रमाणे भरले, म्हणून तिचे पोषण उत्तम आहे असे मी म्हणणार नाही. दुधात लोह जवळजवळ नसते. मटणातले लोह, थोडे असले तरी, शरीर सहज शोषून घेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला, म्हणजे त्यांचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली होते. म्हणून तपासणीत दोघींनाही गेल्या सात दिवसांत किती तुकडे, किती अंडी, किती पेले दूध असे मोजून विचारावे, आणि वजनकाट्यावरून उतरल्यावर दोघींच्याही बोटातून रक्ताचा थेंब घ्यावा.