मुंबई ते न्यूयॉर्क: किलोमीटर तेच, तास मात्र बदलत गेले

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किमी. पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून धरला तर तो सिंध, अफगाणिस्तान, मग मॉस्कोच्या आसपास, आइसलंडवरून आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी असा जातो. विमानाला हा दोरा धरून जाऊ देतात की नाही, त्यावर तिकिटावरचे तास ठरतात.

जुनं पटकन सांगते. जून १९४८ मध्ये एअर इंडियाचं मुंबई-लंडन विमान सुरू झालं, कैरो आणि जिनिव्हा करत. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ लंडनच्या पुढे न्यूयॉर्कला जायला लागलं. त्यानंतर कितीतरी वर्षं अमेरिकेला जायचं म्हणजे मधे कुठेतरी उतरायचं, हे ठरलेलंच.

घोळ आहे तो 'डायरेक्ट' या शब्दाचा. आपण घरी म्हणतो "डायरेक्ट फ्लाइट आहे", म्हणजे इथे बसलं की तिथेच उतरायचं. विमान कंपन्यांच्या भाषेत डायरेक्ट म्हणजे फक्त फ्लाइट नंबर एकच, विमान मधे थांबू शकतं, कधी हातातलं सामान घेऊन सगळ्यांना खाली उतरून परत सिक्युरिटी करावी लागते. आपल्याला हवं असतं ते नॉनस्टॉप. माझ्या आईबाबांना एका एजंटने डायरेक्ट सांगून तिकीट दिलं आणि युरोपात पहाटे उतरवल्यावर दोघं घाबरून गेले, बाबांची इन्सुलिनची वेळ झालेली, औषधांची बॅग वरच्या कप्प्यात राहिलेली, विचारायचं कुणाला ते कळेना. तिकीट विकताना "मधे उतरावं लागेल का" याचं उत्तर हो की नाही असं स्पष्ट लिहून देणं सक्तीचं असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तासांचंही तसंच, छापलेले १६ तास हे गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचे असतात, आणि घड्याळात उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, त्यामुळे पोचायच्या वेळेतून निघायची वेळ वजा केली की हमखास चुकतं.

खरं नॉनस्टॉप आलं २००६-०७ मध्ये. आधी एका अमेरिकन कंपनीने सुरू केलं, मग १ ऑगस्ट २००७ पासून आपल्या तेव्हा सरकारी असलेल्या एअर इंडियानेही, लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७ वर. जाताना १६ तासांच्या आसपास, येताना वारा पाठीशी म्हणून तासभर तरी कमी.

मग आकाशच बंद व्हायला लागलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली ती जुलैपर्यंत. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियाचं आकाश अमेरिकन विमानांना बंद झालं, भारतीय विमानांना मात्र खुलं राहिलं, आणि एका अमेरिकन कंपनीने मुंबई-नेवार्क (न्यूयॉर्कशेजारचा विमानतळ) फ्लाइट थांबवली. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने पुन्हा भारतीय विमानांना मनाई केली. म्हणजे आता भारतीय विमानाला रशिया चालतो पण पाकिस्तान नाही, अमेरिकन विमानाचं बरोबर उलटं. पूर्ण दोरा दोघांपैकी कुणालाच धरता येत नाही. मुंबईवाल्यांना अरबी समुद्रावरून वळसा घेता येतो म्हणून झळ थोडी कमी बसली, दिल्लीला जास्त. तिथून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही नॉनस्टॉप विमानांना त्यानंतर इंधन भरायला युरोपात उतरावं लागलं.