हेलियम

हेलियम (हेलिअम असंही लिहितात) हे आवर्तसारणीतलं दुसरं मूलद्रव्य, अणुक्रमांक २, अणुभार ४.००२६, गट १८ (निष्क्रिय वायूंचा). केंद्रकात दोन प्रोटॉन, बहुतेक करून दोन न्यूट्रॉन आणि बाहेर दोन इलेक्ट्रॉन, पहिल्या कक्षेत मावतातच दोन, त्यामुळे हा वायू सहसा कशाशीच संयोग करत नाही. इलेक्ट्रॉनांची मांडणी बघून काहीजण त्याला बेरिलियमच्या वर बसवायला सांगतात, पण गुणधर्म निऑन-अरगॉनसारखे आहेत, तेव्हा १८ वा गटच जास्त पटतो.

शोधाबद्दल मात्र बराच घोळ आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ पॉगसन मछलीपट्टणमला, लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला, कॅप्टन हेग विजापूरला. सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली (हीच पुढे हेलियमची ठरली) आणि बहुतेकांनी ती सोडियमची डी रेषा, म्हणजे सोडियमची ओळखीची पिवळी रेषा, धरली. पॉगसनने ती डीपाशी किंवा डीच्या जवळ असल्याचं नोंदवलंय म्हणून काही अभ्यासक पहिला मान त्याला देतात. जान्सेनचं खरं काम वेगळं, ग्रहण नसतानाही ज्वाळांच्या रेषा बघता येतात हे त्याने दुसऱ्याच दिवशी करून दाखवलं. तेच काम इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण न बघताच केलं आणि पिवळी रेषा सोडियमच्या दोन्ही रेषांपासून वेगळी (सुमारे ५८७.६ नॅनोमीटर, सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६) आहे हे त्याच्याच पाठपुराव्यातून पुढे आलं.

आपल्याकडे विजयदुर्ग किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या कट्ट्या’वरून लॉकियरने १८६८ मध्ये हेलियम शोधला असं सर्रास सांगतात, १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. लॉकियर विजयदुर्गला आला होता हे खरंच आहे, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, म्हणजे तीस वर्षांनी. दोन ग्रहणं एकत्र झाली असावीत हेच जास्त संभवतं, आणि किल्ल्याचं महत्त्व १८९८ च्या मोहिमेमुळेही काही कमी ठरत नाही.

नाव ग्रीक ‘हेलिओस’ म्हणजे सूर्य यावरून, साधारण १८७१ च्या सुमारास वापरात आलं. शेवटी ‘इयम’ आहे कारण तेव्हा तो धातू वाटला होता. पृथ्वीवर ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने मार्च १८९५ मध्ये क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजावर ॲसिड टाकून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा पाहिली, तो खरं तर अरगॉन शोधत होता. स्वीडनमधल्या उप्सालाला क्लेव्ह आणि लांगले यांनीही त्याच वर्षी तो वेगळा काढून अणुभार मोजला. १८८२ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ पाल्मिएरीने व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या लाव्हात ही रेषा पाहिल्याचं म्हटलं होतं, तो दावा आता फारसा धरत नाहीत.

युरेनियम, थोरियममधून निघणारे अल्फा कण म्हणजे हेलियमचीच केंद्रकं, हे रदरफर्ड आणि रॉइड्स यांनी नंतर सिद्ध केलं. म्हणूनच तो खनिजांत आणि नैसर्गिक वायूत अडकलेला सापडतो, हवेत मात्र दहा लाख भागांत जेमतेम पाच भाग.

फुगे, एमआरआय मशीन हे उपयोग सगळ्यांना माहीत आहेतच. १० जुलै १९०८ ला नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये डच भौतिकशास्त्रज्ञ कॅमरलिंग ओनेसने तो द्रवरूप केला, सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसला. साध्या दाबाखाली मात्र तो कितीही थंड केला तरी गोठत नाही, त्याला जवळपास २५ पट दाब लागतो.