भंगारात गेलेला कोबाल्ट: विद्यापीठांतल्या सुरक्षेची पार्श्वभूमी

कॉलेजात डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, सांभाळलेल्या कोणालाही निर्लेखनाची, म्हणजे जुनी वस्तू नोंदीतून काढून टाकण्याची, रीत ठाऊक असते. वस्तू कोणती, नग किती, खरेदी केव्हाची, किंमत काय. समितीच्या सह्या झाल्या की लिलाव. फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं एक जुनं यंत्र लिलावात निघालं. १९७० च्या सुमारास कॅनडातून आणलेला हा गॅमा सेल, म्हणजे प्रयोगासाठी नमुन्यांवर गॅमा किरणांचा मारा करणारं यंत्र, १९८५ पासून पडून होता. आत किरणोत्सारी कोबाल्ट-६० तसंच होतं.

यंत्र गेलं मायापुरीच्या भंगारबाजारात. भंगारवाल्याला मोल शिशाचं, म्हणून कामगारांनी किरणं अडवणारं शिशाचं कवच फोडलं. कोबाल्ट-६० ची ताकद दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. त्या हिशोबाने चाळीस वर्षांत मूळ ताकदीचा शंभरावा हिस्साही उरला नव्हता. पण तेवढाही पुरला. एका दुकानदाराने त्यातला बारीक तुकडा पाकिटात घालून मागच्या खिशात ठेवला होता. एप्रिलमध्ये माणसं भाजल्यासारख्या जखमा घेऊन हॉस्पिटलात पोचली, तेव्हा कुठे उलगडा झाला. आठ जणांना बाधा झाली, त्यातला एक कामगार दगावला.

नियम नव्हते असं नाही. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १९८३ ची. किरणोत्सारी स्रोत बाळगणाऱ्या संस्थेत त्यासाठी जबाबदार अधिकारी हवा, हे २००४ च्या नियमांत आहे. घोळ झाला तो मधल्या जागेत. यंत्रात काय आहे हे माहीत असणारी माणसं आणि यंत्र विकायला काढणारी माणसं यांची गाठच पडली नाही.

ही मधली जागा मोकळी राहायला कायद्याचा इतिहासही कारण आहे. १९४८ चा कारखाने अधिनियम २०२५ पर्यंत उत्पादन करणाऱ्या जागेला लागू होता. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती सक्तीची झाली. अशा कारखान्यांतलीच रसायनं विद्यापीठाच्या कपाटात असतात, पण प्रयोगशाळा म्हणजे कारखाना नव्हे. मग तुकड्यातुकड्यांनी नियम आले. जनुकबदल केलेल्या जीवांसाठी १९८९ चे नियम आणि संस्थेतली जैवसुरक्षा समिती. गॅस सिलिंडरसाठी नागपुरात मुख्यालय असलेली स्फोटके सुरक्षा संघटना. प्रत्येकाची फाइल वेगळी. आणि 'सुरक्षा विभाग' म्हटलं की आपल्याकडे फाटकावरचे वॉचमनच डोळ्यांपुढे येतात. 'सेफ्टी' आणि 'सिक्युरिटी' दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, त्याचा हा परिणाम.

ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने विद्यापीठंही कामाच्या ठिकाणांच्या सुरक्षेच्या चौकटीत आली, आणि चारच वर्षांत कसोटीची वेळ आली. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत देवीच्या विषाणूवर संशोधन चाले. त्याच्या वरच्या मजल्यावर शरीररचनाशास्त्र विभागाची छायाचित्रकार काम करायची. ऑगस्ट १९७८ मध्ये तिला देवी आल्या, सप्टेंबरमध्ये ती गेली. जगात देवीने झालेला तो शेवटचा मृत्यू. तिचा विभाग वेगळा, विषाणूशी तिच्या कामाचा काही संबंध नाही. छत तेवढं एक. विद्यापीठावर खटला भरला गेला, पण १९७९ मध्ये ते निर्दोष सुटलं. विषाणू वर नेमका कसा पोचला, हे आजवर पक्कं ठरलेलं नाही.

दिल्लीच्या प्रकरणानंतर नियामक मंडळाने विद्यापीठाला कारणे दाखवा नोटीस दिली. पुढे परवान्यांची ऑनलाइन प्रणालीही आली. त्यामुळे आज किरणोत्सारी स्रोताची खरेदीपासून विल्हेवाटीपर्यंतची नोंद मुंबईत असते. शेजारच्या कपाटातली ईथरची जुनी बाटली मात्र, जिच्यात वर्षानुवर्षं पेरॉक्साइड साचून स्फोट होऊ शकतो, बहुतेक ठिकाणी अजून विभागाच्या वहीतच सापडते. तीही वही लिहिणारा निवृत्त झाला नसेल तर.